रात्री सव्वादोनला ओरडलं कोण?

(सोसायटी ग्रुप, जुळे सोलापूर. गुरुवार, १६ जानेवारी २०२५, सकाळ)

ए-१०१ सेक्रेटरी: सर्व सभासदांना नमस्कार. काल रात्री सव्वादोनच्या सुमारास बी विंगमध्ये जोरात आरडाओरडा झाला. पाच मिनिटांत दोनदा. गड्डा यात्रेचं होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम तोवर कधीच संपलं होतं. कोण होतं ते स्वतःहून सांगावं.

सी-२०१ काकू: मला वाटलं चोर आला. ह्यांना उठवलं तर म्हणे झोप गप, गड्ड्यावरनं पोरं परत येत असतील.

बी-३०२: आम्हीच होतो काका. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये आपली आर्सेनल जिंकली. टॉटनहॅमला २-१ हाणलं 🔴⚪

ए-४०२: आणि कप गेला त्याचं काय बे? रविवारपासून ग्रुपवर गायब होतास, आज लगेच कंठ फुटला!

सी-२०१ काकू: कुठला कप?

ए-४०२: एफए कप काकू, इंग्लंडचीच दुसरी फुटबॉल स्पर्धा, हरला की बाहेर. तिसऱ्या फेरीतच घरी. म्हणजे घरीच होते, त्यांच्याच मैदानावर आमच्या मँचेस्टर युनायटेडनं काढलं त्यांना. तेपण दहा जणांत 😎

बी-१०३ पीटी सर: ६१व्या मिनिटाला युनायटेडच्या दालोला लाल कार्ड. दोनच मिनिटांत आर्सेनलच्या गॅब्रिएलनं बरोबरी केली, तिथवर ठीक. पुढं जादा वेळ धरून जवळजवळ तासभर एक माणूस जास्त असून यांना दुसरा गोल होईना. ओडेगार्डची पेनल्टी युनायटेडचा गोलकीपर बायिंदिरनं अडवली, शेवटी पेनल्टी शूटआउटमध्ये हावर्ट्झचीही त्यानंच. शूटआउट ५-३नं हरले. एफए कप १४ वेळा जिंकलेला संघ आहे हा, सगळ्यांत जास्त. लाज वाटायला पाहिजे.

सी-३०४: त्या हावर्ट्झला विकून टाका राव. शेण खाल्लं त्यानं.

बी-३०२: जरा लांबलचक लिहितोय, वाचा.

रविवारी माझंपण डोकं फिरलं होतं. दिवसभर बाराबंदी घालून यात्रेच्या नंदीध्वजांबरोबर चाललो, पाय गळून गेलेले, घरी येऊन टीव्हीसमोर बसलो तर हे असलं. पण एका पोराची एक पेनल्टी हुकली म्हणून आपण हरलो हे खोटं आहे. ती १२० मिनिटांनंतरची गोष्ट. त्याआधी किती चान्स घालवले? साका डिसेंबरपासून मांडीच्या दुखण्यानं बाहेर. त्याच मॅचमध्ये जेझूसचा गुडघा गेला, स्ट्रेचरवरून नेला. पुढं खेळायला माणूसच उरला नाही, आणि जो उरलाय त्यालाच विका म्हणताय. वर लोकांनी काय केलं, तर हावर्ट्झच्या गरोदर बायकोला इन्स्टावर घाणेरडे मेसेज टाकले. पेनल्टी तिनं मारली होती का?

सी-२०१ काकू: अगंबाई! गरोदर बाईला?

बी-३०२: हो ना काकू. आणि काल आमच्या कोच आर्टेटानं त्यालाच पहिल्या अकरात उतरवलं. बरोबर केलं.

सी-३०४: हा मेसेज हटवण्यात आला आहे

ए-४०२: सी-३०४, आम्ही वाचला बरं का 😂

ए-१०१ सेक्रेटरी: विषय आवाजाचा आहे.

बी-३०२: तेच सांगतोय काका. २५व्या मिनिटाला त्यांच्या सॉननं बॉक्सच्या टोकावरून फटका मारला, आमच्या सलिबाला लागून आत. ०-१. तेव्हा आम्ही एकदम शांत होतो, तुम्हाला ऐकू आलं नसेल. मग ४०व्या मिनिटाला आमच्या राईसचा कॉर्नर, गॅब्रिएल उठला, गर्दीत बॉल त्यांच्याच सोलंकीला लागून गोल. तो पहिला आवाज. ४४व्या मिनिटाला आमच्या थॉमस पार्टीनं मैदानाच्या मधोमध त्यांच्या बिसुमाच्या पायातून बॉल काढला, ओडेगार्ड घेऊन पळाला, डावीकडे ट्रोसार्डला दिला. त्यानं खालून असा सरपटता मारला की त्यांचा गोलकीपर किन्स्कीचा हात लागला, पण बॉल थांबला नाही. हात लागून, थांबल्यासारखा वाटून आत गेला, म्हणून आवाज जास्त मोठा झाला. किन्स्की नवीन पोरगं आहे, २१ वर्षांचं, वाईट वाटलं. फार नाही.

बी-१०३ पीटी सर: यांचा पहिला गोल ज्या कॉर्नरवर झाला तो कॉर्नरच नव्हता. बॉलला शेवटचा पाय यांच्याच ट्रोसार्डचा. गोल किक द्यायला हवी होती. टॉटनहॅमचा कोच पोस्टेकोग्लू चिडला त्यात नवल नाही.

बी-३०२: सर, व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघणारे पंच, कॉर्नर तपासत नाहीत. नियम आहे.

बी-१०३ पीटी सर: नियम मला शिकवू नकोस. मी शाळेत ३० वर्षं शिट्टी वाजवलीय. चूक ती चूक.

बी-३०२: मान्य. पण कॉर्नर दिला तर तो अडवायचा असतो ना? सप्टेंबरमध्ये त्यांच्या मैदानावरपण गॅब्रिएलनं कॉर्नरवरच १-० केलं होतं. चार महिन्यांत एवढं तरी शिकायला पाहिजे की ओ.

सी-२०१ काकू: पण ह्या टॉटनहॅमवरच एवढा राग का रे?

बी-३०२: शेजारी आहेत काकू. १९१३ला आर्सेनल थेम्सच्या पलीकडून उठून हायबरीला आलं, यांच्या जवळच. तेव्हापासून पेटलंय.

सी-२०१ काकू: म्हणजे आपल्या पार्किंगसारखं!

ए-१०१ सेक्रेटरी: पार्किंगचा विषय इथं आणू नये. रविवारच्या मीटिंगमध्ये घेऊ.

ए-४०२: लीगच्या टेबलमध्ये कुठं आहात ते सांग की बे.

बी-३०२: दुसरे. २१ मॅचमध्ये ४३ पॉइंट. लिव्हरपूलचे ४७, आणि त्यांची एक मॅच बाकी. परवा फॉरेस्टनं त्यांना १-१ वर अडकवलं, म्हणून तर कालचे तीन पॉइंट लाखमोलाचे होते. तुमचं युनायटेड कुठं आहे, बोट खाली सरकवून बघा, फोन गरम होईल.

ए-४०२: आम्ही कपात आहोत ना 🏆

बी-१०३ पीटी सर: खेळ काही फार सुधारलेला नाही. एक गोल त्यांनीच दिला, दुसरा गोलकीपरच्या हाताखालून. नंबर नऊ, म्हणजे गोल मारणारा स्ट्रायकर, आणल्याशिवाय लीग मिळत नाही, हे लिहून ठेव.

बी-३०२: ते मात्र खरंय सर. जानेवारी संपायच्या आत कुणीतरी घ्या म्हणून आम्ही बोंबलतोय.

ए-१०१ सेक्रेटरी: ते बोंबलणं दिवसा करावं. पुढची मॅच कधी?

बी-३०२: शनिवारी, अ‍ॅस्टन व्हिला. रात्री ११ला. क्लब हाऊसची किल्ली मिळेल का?

ए-१०१ सेक्रेटरी: क्लब हाऊस साडेदहाला बंद होतं. नियम आहे.

बी-१०३ पीटी सर: 😂

बी-३०२: मग आमच्याच घरी. सर, तुम्हीपण या, शेंगा चटणी आणि कडक भाकरी आहे.

बी-३०२ वडील: परस्पर आमंत्रणं देऊ नकोस. मला सकाळी पुण्याची गाडी आहे.

ए-४०२: माझ्याकडं या. पण युनायटेडचा पडदा काढणार नाही.