मदत हवी आहे : वर्गाचा ब्लॉग मुलांना उघडत नाही

मराठी_मेथड
बी.एड. दुसरं वर्ष, आंतरवासिता चालू आहे. वर्गाचा ब्लॉग काढलाय. मुलांना निमंत्रणं पाठवली, तर निम्म्यांना 'परवानगी नाही' असं दिसतंय. शुक्रवारी निरीक्षणाचा पाठ आहे, लवकर सांगा. नेट व्यवस्थित आहे, ते विचारू नका.

खडूफळा
इयत्ता कोणती? ब्लॉगर की वर्डप्रेस? खासगी ठेवलाय का? आणि निमंत्रणं कुणाच्या ईमेलवर गेली?

मराठी_मेथड
आठवी. ब्लॉगर. खासगीच, मुख्याध्यापकांची अट आहे. ईमेल पालकांचे, मुलांनी घरून लिहून आणलेत.

अनुदिनीकार
ब्लॉगर आता कोण वापरतं? स्वतःचं डोमेन घ्या, वर्डप्रेस टाका. पुढे जाहिरातींचे चार पैसेही सुटतील.

चष्मेवाली
आठवीतल्या पोरांच्या निबंधावर जाहिराती? धन्य.

खडूफळा
ताई, घोळ ईमेलचाच दिसतोय. खासगी ब्लॉग निमंत्रण गेलेल्या गूगल खात्यालाच दिसतो. निमंत्रण बाबांच्या ईमेलवर आणि मूल बघतंय आईच्या फोनवर, तर उघडणार कसा? शिवाय मेलमधली लिंक दाबून निमंत्रण स्वीकारावं लागतं. ज्यांचा उघडत नाही त्यांना फोनमध्ये कोणतं खातं चालू आहे ते बघायला सांगा. आठवीत काही जणांची गूगल खात्याला लागणारी तेरा वर्षं पूर्ण नसतात, तेव्हा मुलांना वय वाढवून स्वतःची खाती काढायला लावू नका.

निवृत्त_मास्तर
एवढा खटाटोप कशाला? हस्तलिखित काढा! आम्ही दर दिवाळीला काढायचो, मुखपृष्ठ चित्रकलेच्या बाई करायच्या. मुलं अक्षर जपून लिहायची. आता फोनला बोलून टाइप करतात आणि 'पाणी'चं 'पानी' झालं तरी कुणाला पत्ता नाही.

मराठी_मेथड
सर, हस्तलिखित कपाटात जातं आणि पुढच्या दिवाळीलाच बाहेर येतं. वहीतला निबंध फक्त मी वाचते, खाली 'छान' लिहून सही करते, संपलं. ब्लॉगवर एका मुलीनं आठवडे बाजाराबद्दल लिहिलं. खाली एकानं विचारलं, 'कांद्याचा भाव कोण ठरवतं?' तिनं घरी विचारून अख्खा नवा परिच्छेद लिहून आणला, मी न सांगता. मला एवढंच हवंय.

निवृत्त_मास्तर
तो प्रश्न वर्गातही विचारता आला असता.

चष्मेवाली
पण विचारला नव्हता ना!

कलम_कायदा
मूळ मुद्दा राहिलाच. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालचे सगळे 'मूल' आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. वर्गाच्या ब्लॉगला तो कितपत लागू यावर वाद घाला, पण संमतीपत्रावर सही घेऊन ठेवा. पूर्ण नाव आणि फोटो टाकूच नका.

अनुदिनीकार
खासगी ब्लॉगला कसला कायदा? उगाच घाबरवू नका पोरीला.

कलम_कायदा
खासगी पानाचा स्क्रीनशॉट कुणी काढत नाही, असं वाटतं का तुम्हाला?

चष्मेवाली
गंमत म्हणजे बारावीच्या हिंदी युवकभारतीत 'ब्लॉग लेखन' नावाचा पाठच आहे. माझ्या मुलानं ब्लॉग कसा असावा याचं उत्तर पाठ करून लिहिलं. ब्लॉग एकही वाचला नाही.

खडूफळा
😀 ताई, शुक्रवारचं एक. पाठाच्या टाचणात ब्लॉग 'शैक्षणिक साधने'मध्ये लिहा, उद्दिष्टात नको. उद्दिष्ट असं ठेवा : विद्यार्थी सहाध्यायाच्या लेखनावर नेमका प्रश्न विचारतो. नाहीतर निरीक्षक आधी तेच धरतील. आणि ब्लॉगरमध्ये टिप्पण्यांची तपासणी 'नेहमी' करून ठेवा, म्हणजे तुम्ही पाहिल्याशिवाय काही छापलं जाणार नाही.

मराठी_मेथड
खात्याचंच होतं! बहुतेकांचं उघडलं, आभार. पण एका मुलाच्या घरी स्मार्टफोनच नाही, ते आधी लिहायचं राहिलं. त्याचं काय करू?

निवृत्त_मास्तर
बघा, आलात ना कागदावर!

खडूफळा
त्याचं लेखन कागदावर घ्या, टाइप करणं शाळेच्या संगणकावर त्याच्याकडूनच करवून घ्या. तुम्ही करून देऊ नका. टिप्पण्या दर आठवड्याला छापून द्या, तो पेननं उत्तरं लिहील. शाळेत प्रिंटर चालू आहे का?

मराठी_मेथड
शाई नाही. आधी कार्यालयात विचारते.

अनुदिनीकार
डोमेनचं नाव ठरलं की कळवा, मी स्वस्तात घेऊन देतो.