अनुभव धागा : वर्गणीचा अंक तुमच्या दारात कसा पोहोचतो?

परवा फाटकाच्या जाळीत खुपसलेला अंक ओढून काढला, तर तो हातातच सुटला. साताऱ्यात आठवडाभर संततधार होती. वरचा खाकी कागद लगद्यासारखा झालेला, मुखपृष्ठाचा निळा रंग आतल्या पानांवर उतरलेला, पिनांपासून सुटलेली मधली चार पानं लोंबत होती. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाचं हे मासिक. आजीने वाढदिवसाला त्याच्या नावाने वर्गणी भरली होती. घरात येणाऱ्या टपालात त्याचं स्वतःचं नाव, तेही 'चि.' लावून, दर महिन्याला दिसतं याचं त्याला फार अप्रूप आहे. मधल्या पानांवर कापून जोडायचं जहाज होतं. आम्ही दोघांनी मिळून ती पानं इस्त्रीने वाळवायला घेतली आणि ती एकमेकांना कायमची चिकटली. त्या रात्री तो जेवला नाही.

कार्यालयात फोन केला. पलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसरी प्रत पाठवली. ती कोरडी आली, पण मधोमध घडी पडलेली. जहाजाच्या शिडातून ती घडी गेली होती.

अंक दुकानातही मिळतो, मग वर्गणी कशाला, असं शेजारी म्हणाले. मला ते पटत नाही. वर्गणी म्हणजे वर्षभर आधी दिलेला शब्द असतो आणि त्यावर कितीतरी लहान मासिकं तगून आहेत. म्हणून विचारतो : तुमचे अंक कसे पोहोचतात? नेमके कुठे खराब होतात? कशाने फरक पडला? ज्यांनी अंक पाठवले आहेत किंवा वाटले आहेत, त्यांनीही जरूर लिहा.

डोंबिवलीहून

आमच्या इमारतीत खाली ओळीने लाकडी पेट्या आहेत. फट चार बोटं रुंद, पत्रांच्या काळातली. त्यात मासिक सरळ जात नाही, म्हणून गुंडाळी करून कोंबतात. चिकट बांधणीचा अंक असेल तर पाठीचा डिंक तिथेच तडकतो आणि उघडल्यावर पानं पत्त्यांसारखी सुटतात. यात वाटणाऱ्याचा दोष नाही, पेटीचा आहे. सोसायटीच्या सभेत दोन वर्षं विषय मांडतेय.

कोल्हापूरहून

माझं बालपण सत्तरच्या दशकातलं. वडिलांकडे 'सोव्हिएत देश' हा सोव्हिएत संघाचा मराठी अंक यायचा. काय तो गुळगुळीत कागद! अंक वाचून झाला की जूनमध्ये आमच्या वह्या-पुस्तकांना त्याचीच कव्हरं चढायची. अर्ध्या वर्गाची गणिताची पुस्तकं ट्रॅक्टर आणि गव्हाच्या शेतांनी झाकलेली असत. त्यामुळे अंक फाटून आला की आई आधी विचारायची, "कव्हराएवढं पान शाबूत आहे ना?" पाण्याचा डाग पडलेला कागद इतिहासाला आणि कोरा मराठीला, असा आमच्या घरचा नियम होता. तो कागद ओला झाला की पानं चिकटायची, हे मात्र अगदी तुमच्यासारखंच.

वाशीम जिल्ह्यातून, निवृत्त पोस्टमन

चौतीस वर्षं टपाल वाटलं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, राग मानू नका.

अंक एका हातातून येत नाही. छापणाऱ्या गावी गठ्ठा टाकला जातो, तिथून छाटणीला, म्हणजे टपाल गावांनुसार वेगळं करायला, तिथून रेल्वेने किंवा मोटारीने जिल्ह्याला, तालुक्याला, मग आमच्या टेबलावर. प्रत्येक ठिकाणी थैली उघडते, ओतली जाते, पुन्हा भरते. पत्रांचा गठ्ठा सुतळीने बांधताना मोठ्या आकाराचं काहीतरी वर आणि खाली लावायची सवय असते, म्हणजे पत्रं वाकत नाहीत. हे मोठं काहीतरी बहुतेक वेळा तुमचं मासिक असतं. सुतळीचा काच त्याच्या कडेला बसतो. कडेला एकाच जागी समोरासमोर दोन खाचा दिसल्या तर समजा, अंकाने पत्रांची पाठ राखली आहे.

पत्ता फक्त वेष्टनावर असतो, ही दुसरी मोठी अडचण. कागदाची पट्टी निसटली की अंक बेवारस. पूर्वी माझ्या बीटात, म्हणजे वाटपाच्या हद्दीत, कोण काय वाचतो हे तोंडपाठ होतं. शेतीचं मासिक बिनपत्त्याचं आलं तरी ते नदीपलीकडच्या वस्तीवरच्या भाऊंचं, हे मला ठाऊक असायचं आणि मी नेऊन द्यायचो. नवीन मुलाला बदलीच्या जागी हे कसं कळणार?

तिसरं, पिनकोड. 1972 च्या 15 ऑगस्टला तो सुरू झाला. सहा आकड्यांतले शेवटचे तीन आकडे टपाल वाटणारं कार्यालय सांगतात. त्यातला एक चुकला की अंक भलत्याच गावी जाऊन परत फिरतो, म्हणजे तेवढ्या थैल्या आणखी आणि तेवढं घासणं आणखी. लोक घर बदलतात, वर्गणीच्या कागदावर जुनाच पिन राहतो. माझ्या अनुभवात, चुरगळून आलेल्या अंकांत असे बरेच होते.

पावसाळ्यात मी खताच्या गोणीचा आतला प्लास्टिक कागद सायकलच्या थैलीला शिवून घेतला होता. तरी काही भिजलेच. एका मास्तरांच्या हातात ओला अंक द्यायची वेळ आली, तेव्हा त्यांनी मला आधी आत बोलावून टॉवेल दिला. ते अजून आठवतं.

पुण्याहून, एका छोट्या मासिकाच्या कामात

पोस्टमनकाका, तुमचं लिहिणं आमच्या सगळ्या मंडळींना मोठ्याने वाचून दाखवलं. आम्ही महिन्यातून एका संध्याकाळी सातआठ जण जमून अंक भरतो. घड्या, पट्ट्या, पत्त्याची लेबलं, मग पिनकोडप्रमाणे गठ्ठे.

लोक विचारतात, जाड पाकिटात घालून नीट बंद का करत नाही? नोंदणीकृत नियतकालिकाला टपालात मोठी सवलत मिळते आणि तिच्याबरोबर अटी येतात. ठरलेल्या कार्यालयातून, ठरलेल्या तारखांना अंक टाकायचा. वेष्टन दोन्ही टोकांना उघडं हवं, म्हणजे आत नियतकालिकच आहे हे तपासता येतं. पाकीट चिकटवून बंद केलं की सवलत गेली. मग एका अंकाचं टपाल अंकाच्या किमतीजवळ जातं आणि वर्गणी दुप्पट करावी लागते. आमचे बरेच वर्गणीदार निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्याकडून दुप्पट कशी मागायची? तुमच्या हातात येणारी उघड्या टोकांची पट्टी हा हलगर्जीपणा नाही, तो हिशोब आहे. त्या उघड्या टोकांतूनच पाणी शिरतं आणि त्याच कोपऱ्यांना मार बसतो, हे आम्हाला कळतं आणि लागतंही.

रजिस्टरने पाठवा, असं पूर्वी काही जण सांगायचे. 2025 मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झालं. दर महिन्याला तो खर्च आमच्या आवाक्यातला नाही. दिवाळी अंक मात्र आता आम्ही स्पीड पोस्टानेच पाठवतो, कारण जाड अंक साध्या टपालात फार सोसतो. 1909 मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक निघाला तेव्हापासून आपल्याकडे दिवाळीच्या फराळाशेजारी अंक लागतो. तो फाटून आला की माणसाची दिवाळी उणी होते.

काकांचं वाचून एक ठरवलं : पुढच्या अंकापासून मलपृष्ठावर पत्त्यासाठी कोरी चौकट ठेवायची आणि पट्टीबरोबर तिथेही लेबल लावायचं.

नाशिकहून

वर सगळे भिजण्याबद्दल, फाटण्याबद्दल लिहीत आहेत. माझी अडचण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. मी जन्मापासून अंध आहे, शाळेत शिकवते. माझ्याकडे ब्रेल नियतकालिक टपालाने येतं. अंधांसाठीच्या या साहित्याला टपालखर्च लागत नाही आणि या सोयीबद्दल मला मनापासून कृतज्ञता आहे.

ब्रेल म्हणजे जाड कागदावर उठवलेले टिंब. एका अक्षराच्या घरात जास्तीत जास्त सहा. त्यांची उंची अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. आता कल्पना करा की असा अंक थैलीत तळाला आहे आणि वर पुस्तकांची पार्सलं आहेत. कागद फाटत नाही, भिजत नाही, कोपरा दुमडत नाही. माझा भाऊ अंक हातात घेऊन म्हणतो, "ताई, अगदी नवा कोरा आला." मी बोट ठेवते, तर टिंब बसलेले असतात. पूर्ण सपाट झाले तर निदान कळतं की इथे काही नाही. अर्धवट बसले की त्रास जास्त. एक टिंब दबला की 'ल'चा 'ब' होतो, 'प'चा 'म' होतो. वाक्य अडखळतं, मी मागे जाते, पुन्हा बोट फिरवते. एका कवितेच्या पानावर मी असा पाऊण तास घालवला आणि शेवटची ओळ मिळालीच नाही.

तक्रार करायला गेले तेव्हा समोरच्या माणसाने अंक उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "खराब कुठे झालाय?" त्यांचा हेतू वाईट नव्हता. मी त्यांचं बोट धरून एका चांगल्या ओळीवरून आणि मग एका दबलेल्या ओळीवरून फिरवलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. त्यानंतर आमच्या भागातल्या पोस्टमनदादांनी माझा अंक वेगळा, उभा धरून आणायला सुरुवात केली. आता माझ्यापर्यंतचा शेवटचा टप्पा चांगला आहे, आधीचे टप्पे नशिबावर.

कुणाकडे असं पाकीट आलेलं दिसलं, शेजाऱ्याचं असलं तरी, त्यावर काही ठेवू नका. दुमडू नका. एवढंच मागणं.

चिपळूणहून, निवृत्त शिक्षिका

22 जुलै 2021 चा पूर इथल्या कुणाला विसरता येणार नाही. आमच्या तळमजल्यावर बांधून ठेवलेले तीस वर्षांचे दिवाळी अंक होते. गावातलं लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिर 1864 पासूनचं, तिथेही पाणी शिरलं. त्यापुढे माझं कपाट काय मोठं, असं मी स्वतःला सांगत राहिले, पण चिखलाने फुगलेले गठ्ठे फावड्याने उचलताना रडू आवरलं नाही.

टपाल पुन्हा सुरू झाल्यावर मला आलेली पहिली वस्तू म्हणजे एक मासिक. कडा ओल्या, एक कोपरा चिखलात बुडून वाळलेला, मुखपृष्ठावर कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा. एरवी मी लगेच दुसरी प्रत मागितली असती. तो अंक मी बदलून घेतला नाही. माझ्या नव्या कपाटात तो पहिला आहे.

पणजीहून, ग्रंथालयात काम

साताऱ्याच्या दादांना आणि सगळ्यांनाच सांगते, इस्त्री नको. ऊनही नको.

गुळगुळीत कागदावर चिनी मातीचा आणि चिकटद्रव्याचा थर असतो. भिजला की तो थर मऊ होतो आणि पानं एकमेकांवर असतानाच वाळला तर त्याचा गोंद होतो. मग ती सोडवायला गेलात की छापील थरच निघून येतो. त्यामुळे असा अंक ओला असतानाच हात लावायचा. पिना आधी काढा, नाहीतर गंजतात. चिखल असेल तर अंक मिटलेला धरूनच स्वच्छ पाण्यातून हलकेच काढा. मग पानं अगदी सावकाश सोडवून मधे मधे बटर पेपर घाला. पंख्याखाली ठेवा, पण वारा थेट पानांवर नको. साधा खरखरीत कागद असेल तर काम सोपं, टिपकागद बदलत राहिलं की झालं.

त्या दिवशी वेळ नसेल तर अंक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. हे ऐकून लोक चकित होतात, पण ग्रंथालयांत पुरानंतर हेच करतात. ओल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरू लागते, थंडीत ती थांबते आणि आपल्याला सवड मिळते. गोव्याच्या पावसात मी घरी आलेले कितीतरी अंक असे वाचवले आहेत. पानांवर लहरी राहतात, वाचता मात्र येतात.

न्यू जर्सीहून

आईने इथे पाठवलेल्या दिवाळी अंकांचे कोपरे दरवर्षी मोडतात. यंदा तिने गठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या कॅलेंडरचे पुठ्ठे लावले आणि वर जुनी सुती साडी गुंडाळली. अंक शाबूत आले. साडी मी ठेवून घेतली.

पुन्हा साताऱ्याहून

सगळ्यांचं दोनदा वाचलं. गल्लीतल्या पत्र्याचं काम करणाऱ्यांकडून पेटी करून घेतली : अंक आडवा, न दुमडता मावेल अशी, उंच कडांची, वरच्या झाकणाला पुढे दोन इंच पागोळी. आधीचा पिन तपासला, शेवटचा आकडा खरंच चुकीचा होता. कार्यालयाला कळवला. पोस्टमनकाका, तुमच्या सांगण्यावरून मुलाने पेटीवर मोठ्या अक्षरांत आपलं नाव आणि मासिकाचं नाव रंगवलं आहे, म्हणजे पट्टी निसटली तरी अंक ओळखता येईल.

नाशिकच्या ताई, तुमचा भाग मी त्याला वाचून दाखवला. त्याने टाचणीने पुठ्ठ्यावर टिंब उठवून पाहिले आणि वर गणिताचं पुस्तक ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून डोळे मिटून बोट फिरवलं. मग मला म्हणाला, "बाबा, तीन गेले."