बाळाला कॉटमध्ये झोपायची सवय कशी लावलीत? अनुभव सांगा

माझी मुलगी साडेचार महिन्यांची आहे. मांडीवर, खांद्यावर, छातीवर कुठेही झोपते पण कॉटमध्ये ठेवलं की डोळे टक्क उघडे. मागच्या आठवड्यात पहाटे तिला घेऊन सोफ्यावर बसले होते आणि माझाच डोळा लागला, जाग आली तेव्हा ती माझा दंड आणि सोफ्याची पाठ यांच्या फटीत सरकलेली होती. तिला काही झालं नव्हतं, पण माझे हातपाय कितीतरी वेळ कापत होते. आता कॉटचं मनावर घ्यायचंच असं ठरवलंय. ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, किती दिवस लागले, काय जमलं, काय नाही. "रडू दे, होईल सवय" हे ऐकून झालंय, ते मला जमणार नाही.

*

आधी सोफ्याबद्दल, कारण वाचून पोटात गोळा आला. माझंही असंच झालं होतं आणि मी ते कुणाला सांगितलंही नव्हतं. आमच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं की रात्री पाजताना झोप लागेल असं वाटत असेल तर सोफा आणि आरामखुर्ची सगळ्यात धोक्याची, त्यापेक्षा उशा-पांघरुणं बाजूला काढून पलंगावर पाजलेलं बरं, आणि जाग आली की बाळाला परत कॉटमध्ये ठेवायचं. आम्ही कॉट आमच्याच खोलीत, माझ्या हाताच्या अंतरावर ठेवली. किमान सहा महिने तरी बाळ वेगळ्या कॉटमध्ये पण आईबाबांच्याच खोलीत असावं असं सांगतात, आणि मला ते फार सोयीचं पडलं, नुसता हात लांब करून थोपटता यायचं.

*

मी बाबा. आमच्याकडे रात्रीची पहिली पाळी माझी असायची. खाली ठेवताना जागं होतं याचं कारण मला २०२२ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेतल्या एका संशोधनात मिळालं, त्यांनी बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले तर लक्षात आलं की पाठ गादीला टेकते तेव्हा नाही, त्याच्या आधी, आपल्या अंगापासून सुटायला लागतं तेव्हाच ते सावध होतं. त्यांचा सल्ला असा की रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटं सलग चालायचं, झोपलं की लगेच ठेवायचं नाही, पाच ते आठ मिनिटं घेऊन बसायचं आणि मग ठेवायचं. मी आधी काय करायचो तर डोळे मिटले रे मिटले की घाईघाईने कॉट गाठायचो. बसायला लागल्यापासून खूप फरक पडला, आणि ठेवताना मी तिला छातीशी धरूनच वाकायचो, आधी पाय, मग ढुंगण, मग पाठ, डोकं सगळ्यात शेवटी, आणि तिच्या छातीवरचा हात हळूहळू हलका करत काढायचो. कंबर गेली माझी पण जमलं. दहापैकी सहा-सातदा तरी.

*

जुळी आहेत माझी. एक सहा दिवसांत शिकला, दुसरीला सात आठवडे लागले, घर तेच, आई तीच, कॉटही सारख्याच. त्यामुळे "तुझं काहीतरी चुकतंय" असं कुणी म्हटलं तर अजिबात मनाला लावून घेऊ नका. आम्ही दिवसा दोघांना जागेपणीच दहा-दहा मिनिटं कॉटमध्ये ठेवायचो, मी समोर बसून गप्पा मारायचे, म्हणजे कॉट म्हणजे आई जाते ती जागा असं डोक्यात बसत नाही.

*

मी आजी आहे. नातवाच्या कॉटसाठी हौसेनं मऊ पांघरूण शिवलं होतं, कडेला लावायच्या गुबगुबीत गाद्याही. लेकीनं सगळं काढून ठेवलं आणि बाळाला पाठीवर झोपवलं, मला फार लागलं ते. आम्ही मुलांना पोटावर झोपवलेलं, तेव्हा तसंच सांगायचे. मग तिनं मला बसवून सांगितलं की नव्वदच्या दशकात ब्रिटन-अमेरिकेत बाळांना पाठीवर झोपवा अशी मोहीम झाली आणि झोपेत अचानक होणारे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. कॉटमध्ये घट्ट सपाट गादी, ताणून बसवलेली चादर आणि बाळ, बाकी काही नाही. ते पांघरूण आता खेळताना जमिनीवर अंथरते.

*

घट्ट गुंडाळून झोपवत असाल तर कूस वळायची लक्षणं दिसली की बंद करा, साडेचार महिने म्हणजे वेळ आलीच आहे. आम्ही त्याऐवजी हात मोकळे राहणारी झोपेची पिशवी घेतली. तीन रात्री वाईट गेल्या.

*

आम्ही उशिरा सुरू केलं, नवव्या महिन्यात, आणि या वयात आई दिसेनाशी झाली की जीव घाबरा होतो त्यांचा, त्यामुळे खोलीतून बाहेर पडणं शक्यच नव्हतं. मी कॉटला खुर्ची लावून बसले. चार रात्री हात धरून, चार रात्री नुसती बसून, मग खुर्ची थोडी दाराकडे, असं करत तीन आठवडे. तो उभा राहायचा, मी आडवा करायचे, परत उभा. उभं राहायला लागायच्या आधीच गादी खालच्या पायरीवर उतरवायला हवी होती, एकदा कठड्यावरून ओणवा झालेला बघितला तेव्हा धावत जाऊन उतरवली. मध्ये ताप आला आणि सगळं पहिल्यापासून, पण दुसऱ्यांदा पाचच दिवस लागले.

आता दोन वर्षांचा आहे. रात्री कॉटमध्ये झोपतो आणि पहाटे हाक मारतो, मग मी त्याला उचलून माझ्या शेजारी घेते. तेवढं मी बदललेलं नाही, आणि इतक्यात बदलणारही नाहीये.