सारायेव्होत १८७८ साली खरंच सगळं बदललं का?

भटकभवानी:
गेल्या महिन्यात बोस्नियाच्या राजधानीला, सारायेव्होला जाऊन आले. बाश्चार्शियात, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारात, तांबटांची गल्ली, बुटकी दुकानं, १५३१ची गाझी हुस्रेव बेग मशीद. जरा पुढे रस्त्यात एक रेघ आखलीय, ती ओलांडली की थेट व्हिएन्नाच्या थाटाच्या इमारती! गाइडने सांगितलं, १४६३ ते १८७८ तुर्क, मग ऑस्ट्रिया-हंगेरी. एका फटक्यात इतकं बदललं?

वाचनवेडा:
कागदोपत्री तर नाहीच. १८७८च्या बर्लिन करारात ऑस्ट्रियाला बोस्नियाचा फक्त कारभार मिळाला, मुलूख तुर्की सुलतानाचाच राहिला. शुक्रवारच्या नमाजात त्याचं नाव घ्यायची मुभासुद्धा १८७९च्या करारात लेखी दिलेली. मुलूख रीतसर गिळला तो १९०८मध्ये.

खोताचं कूळ:
इमारतींवर जाऊ नका, शेतात जा. आमचे पणजोबा खोताची जमीन अर्धेलीने कसायचे, त्यामुळे माझी नजर आधी तिकडेच जाते. बोस्नियात अशा कुळाला 'क्मेत' म्हणत. बहुतेक क्मेत ख्रिस्ती, जमीनदार आगा-बेग मुसलमान. पिकातला दशांश सरकारला आणि साधारण तिसरा हिस्सा आगाला. १८५९च्या तुर्की कायद्याने हे सगळं बांधून दिलेलं. १८७४ला पीक बुडालं, तरी वसुली थांबेना. पुढच्याच वर्षी हर्झेगोव्हिनात बंड पेटलं. त्या गोंधळातूनच ऑस्ट्रियाला आत शिरायची वाट मिळाली.

आणि आल्यावर केलं काय? आगांना दुखवायला नको म्हणून तोच कायदा चालू ठेवला! दशांश तेवढा रोखीत मागू लागले, म्हणजे आधी धान्य विका, मग कर भरा. क्मेताने पैसे मोजून जमीन सोडवून घ्यावी, अशी सोय होती म्हणा. पैसे कुठून आणायचे, ते त्याचं तो बघेल. सरकारी कर्जाचा कायदा यायला १९११ उजाडलं. खरी सुटका साम्राज्य बुडाल्यावर, १९१९च्या जमीन सुधारणेत सुरू झाली.

भटकभवानी:
आणि मी तिथे १८९५च्या विजेच्या ट्रामचं कौतुक ऐकत बसले होते! बाकी तांबट गल्लीत एका आजोबांना भांड्याच्या आतला चकचकीत थर दाखवून विचारलं, तर म्हणाले 'कलाय'. मी म्हटलं 'कल्हई'. त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं.

खोताचं कूळ:
दुकान 'दुचान', साबण 'सापून'. अरबी-फारसी शब्द तुर्कांबरोबर तिकडे गेले, आपल्याकडे सुलतान-बादशहांच्या दफ्तरांतून आले. आणि आगाच्या त्या तिसऱ्या हिश्शाला काय म्हणत, माहितीय? 'हक'. आपला हक्क, तोच.