नुसतं भाषांतर पुरत नाही

नैराश्यासारखे मनाचे आजार ओळखण्यासाठीच्या प्रश्नावलीचं भाषांतर नीट झालं की ती कुठल्याही देशात चालते, असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही.

१९९० च्या दशकात मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल झिंबाब्वेत, हरारेला काम करत होते. तिथली माणसं ‘नैराश्य आलंय’ असं सांगत नसत. शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ म्हणत, म्हणजे अतिविचार. (आपल्याकडेही ‘डोक्यातलं चक्र थांबत नाही’ म्हणतातच.) लोकांच्याच अशा बोलण्यातून १४ प्रश्नांची शोना प्रश्नावली तयार झाली. तिच्यात पहिलाच प्रश्न फार विचार करण्याबद्दल आहे.

२००६ मध्ये तिथलेच मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी हरारेच्या म्बारे वस्तीत १४ आज्यांना मनाने त्रासलेल्यांशी बोलायला तयार करून दवाखान्याच्या आवारात बाकं मांडली, तेव्हा हीच प्रश्नावली कामी आली. बाकाचं आधीचं नाव होतं ‘मानसिक आरोग्याचा बाक’. त्यावर कोण बसणार? ‘मैत्रीचा बाक’ हे नाव आज्यांनी सुचवलं. २०१६ मध्ये ५७३ जणांवरच्या चाचणीचे निकाल आले आणि सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांची लक्षणं बरीच कमी दिसली.

गोव्यातही पटेलांच्या गटाला असंच काही दिसलं. ‘अंगावरून पांढरं जातं’ अशी तक्रार करणाऱ्या बायकांमध्ये त्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त होता. ‘तुम्ही उदास आहात का?’ एवढंच विचारलं असतं, तर यातल्या कितीजणी ‘हो’ म्हणाल्या असत्या?