टीसी दिसला तरच तिकीट?

टाइमपास_प्रवासी: वर्षभर इमानदारीत पास काढला, एकदाही कुणी विचारला नाही. पैसे पाण्यात. आता पास बंद. कधी सापडलोच तर दंड भरेन, तोही स्वस्तात पडेल.

हिशेबनीस: डोकं फिरलं म्हणून लिहितोय. पास प्रवासाचा असतो, टीसीला दाखवायचा नाही! आणि चीड याची येते की तुमचा हिशेब बरोबर आहे. दंड महिन्याच्या पासाएवढा आणि तपासणी वर्षातून एकदा, तर फुकट्याच फायद्यात. नुसता दंड वाढवून काही होत नाही, पकडले जाण्याची धास्ती हवी.

दुपारची_गाडी: तपासतात हो, पण कुणाला? सकाळच्या गर्दीत टीसी औषधालाही सापडत नाही. दुपारच्या रिकाम्या डब्यात मी एकटी असले की हमखास हजर. गेल्या महिन्यात पास संपून एकच दिवस झाला होता. अकरा वर्षं पास काढतेय, तरी जिन्याखाली चोरासारखं उभं केलं. शेजारून चार पोरं खिदळत गेली, त्यांना हटकायची छाती नाही.

फलाट_शून्य: ताई, बोलणं सोपं आहे. माझा मेहुणा तपासनीस होता. एकट्याने चौघांना अडवलं आणि मनगट मोडून घेतलं. पुढे तोही चेहरा बघूनच तिकीट मागायचा. चुकलंच त्याचं, पण घरी मुलं होती.

दुपारची_गाडी: म्हणजे मी हात उगारणार नाही म्हणून दंड मला. वा! मेहुण्यांचं वाईट वाटलं, खरंच. माझे पैसे तरी गेलेच ना?

सगळंच_फुकट: ही कटकटच नको, प्रवास फुकट करा. एस्टोनियाची राजधानी टालिनने २०१३ मध्ये केला, लक्झेंबर्गने २०२० मध्ये अख्ख्या देशात.

हिशेबनीस: आले विषय बदलायला. टालिनमध्ये फुकट ते नोंदणी केलेल्या रहिवाशांना. लक्झेंबर्गच्या रेल्वेत फर्स्ट क्लासला अजून तिकीट लागतं. म्हणजे टीसी आलाच!

सगळंच_फुकट: पण सेकंड क्लासवाल्याला कुणी जिन्याखाली उभं करत नाही. जर्मनीत फुकट प्रवासाला कायद्याने वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कोर्टाचा दंड भरायला पैसे नसलेले खरोखर आत जातात. तिकिटापायी माणूस तुरुंगात पोसायचा, हा कुठला हिशेब?

हिशेबनीस: तो मूर्खपणा, मान्य. पण जो गाडीत कधी चढतच नाही त्याच्या करातून तुमचा प्रवास?

सगळंच_फुकट: आणि तुमचे रस्ते कुणाच्या करातून होतात? ज्याच्याकडे मोटार नाही तोही भरतोच की!

हिशेबनीस: "तुमचे" कुणाला म्हणता? मी सायकलवर स्टेशन गाठतो. उगाच अंगावर येऊ नका.

फलाट_शून्य: गेट बसवा, सगळेच सुटतील.

दुपारची_गाडी: गेटला लोक पाठीला चिकटून घुसतात. आणि बिघडलं की कार्ड अडतं ते माझंच.

टाइमपास_प्रवासी: बरं बाबांनो, काढतो पास. कुणी विचारलाच तर इथे पेढे वाटेन. तोवर उपाशी राहू नका.