कोरी म्हणजे नकलीच असं नाही

एक शंका आलीय की अमेरिकी यादवी युद्धातली पत्रांची सचित्र पाकिटं इतकी कोरी कशी मिळतात, नकली तर नाहीत? नकलाही असतात, पण १८६१ मध्येच लोक ती अल्बमात लावायला विकत घेत. पत्र लिहिणं राहूनच जायचं! माझं लाडकं पाकीट जेफरसन डेव्हिसचं, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या अध्यक्षाचं. सरळ धरलं तर लढाईला निघालेला शूरवीर, उलटं केलं की लढाईहून परतलेलं गाढव. चित्र तेच, रेघाही त्याच.

अशी टवाळी बहुतेक उत्तरेकडची. दक्षिणेत पुढे कागदाचाच दुष्काळ पडला, तेव्हा भिंतीला लावायच्या नक्षीदार कागदाची पाकिटं केली, नक्षी आत आणि कोरी बाजू बाहेर. खरं सांगू? मला तीच जास्त बोलकी वाटतात.